उद्याच्या नावावर आजचे हाल किती?

बारा वर्षांची मांजर. दोन-तीन महिन्यांत अंगावरचं मांस उतरलं, आठवड्यातून दोनदा ओकारी, एक दिवस वाटी चाटूनपुसून लख्ख तर दुसऱ्या दिवशी वासही घेणार नाही. जबलपुरात गोलबाजाराच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात अशी मांजर आहे, असं धरून चालू. तिला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, पुढच्या तपासण्या झाल्या आणि निदान हाती आलं : लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर. त्या रात्री घरात दोन मतं पडतात आणि दोन्ही ऐकण्यासारखी असतात. पुढच्या संवादातले काका म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी किंवा हायकोर्टाच्या नोकरीपायी ज्यांची घराणी महाकोशलात रुजली, नर्मदामाईला मानणारी, जीवदया पाळणारी आणि पैशाचा हिशेब चोख ठेवणारी जी पिढी आहे, तिचे आक्षेप मी त्यांच्या तोंडी घातले आहेत, जमतील तेवढे धारदार करून. दुसरी बाजू माझी. मी तटस्थ नाही.

काका : मांजर म्हातारं झालं, आजारी पडलं, की ते स्वतःच कोपरा धरतं. वाड्यात कितीतरी मांजरं असायची. एक दिवस दिसेनाशी झाली की समजायचं. कुणी सोनोग्राफी केली नाही, कुणी रडत बसलं नाही. निसर्गाने त्यांना तेवढं शहाणपण दिलंय. तुम्ही त्यात सुया, सलाईन आणि केमोथेरपी घुसवता आणि वर त्याला माया म्हणता.

मी : काका, कोपरा धरणं हे शहाणपण आहे, हे आपण बाहेर उभं राहून ठरवलं. मांजर उंदराची शिकार करतं, पण स्वतः कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जाण्याएवढंच ते लहान असतं. अशा जिवाला आपलं दुखणं चारचौघांत दाखवणं परवडत नाही. ते कण्हत नाही. फक्त कट्ट्यावर उडी मारायचं सोडून देतं, आणि आपण म्हणतो, वय झालं. वाड्यातली मांजरं दिसेनाशी झाल्यावर कुठल्या जिन्याखाली किती दिवस पडून होती हे कुणी जाऊन पाहिलं नाही, एवढाच त्या शहाणपणाचा पुरावा. आता पाहायची सोय झाली आहे. २०१९ साली कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या : कान, डोळे, नाकाखालचा भाग, मिश्या आणि डोकं. आरामात असलेल्या मांजराचे कान पुढे, डोळे उघडे, नाकाखालचा भाग गोलसर, मिश्या सैल आणि डोकं खांद्याच्या वर. दुखायला लागलं की कान चपटे होऊन बाहेर वळतात, डोळे बारीक होतात, नाकाखालचा भाग ताणून लांबट दिसतो, मिश्या ताठ होऊन पुढे येतात आणि डोकं खांद्याच्या खाली झुकतं. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार झाले की वेदनाशामकाचा विचार करायची वेळ आली. याला यंत्र लागत नाही, चहा पिता पिता होतं. फक्त झोपलेल्या किंवा खात असलेल्या मांजराला गुण देत बसायचं नाही. ही पट्टी ताज्या, तीव्र वेदनेसाठी आहे. कॅन्सरचं रेंगाळणारं दुखणं ओळखायला मोडलेल्या सवयी बघाव्या लागतात : अंग चाटणं कमी होऊन पाठीवरचे केस गुठळायला लागले का, वाळूच्या ट्रेची कड ओलांडणं जड जातंय का, माणसाच्या मांडीवर येणं थांबलं का. आणि निसर्गाचं म्हणाल, तर बारा वर्षं आपण तिला निसर्गावर सोडली नव्हती. वाटी दिली, दार लावून घेतलं, थंडीत गोधडी दिली. शेवटच्या तीन महिन्यांपुरताच निसर्ग कसा आठवतो?

काका : बरं, दुखतं हे धरलं. पण म्हणून केमो? ती घराघरात झालेली आहे आणि आम्ही पाहिलेली आहे. केस गेले, तोंड आलं, चार घास उतरेनात. माणूस ते सोसतो, कारण त्याला नातवाची मुंज बघायची असते. मांजराला काय बघायचंय?

मी : माझा सगळा युक्तिवाद तुमच्या या शेवटच्या वाक्यावरच उभा आहे. माणूस आजचा दिवस गहाण टाकतो, कारण उद्याचा दिवस सोडवून आणता येईल अशी त्याला आशा असते आणि ती आशाच अर्धी वेदना उचलते. मांजराकडे हा व्यवहार नाही. सुई कशासाठी टोचली, पुढच्या महिन्यात बरं वाटणार आहे का, यातलं तिला काही सांगता येत नाही. तिच्या वाट्याला येतो तो आजचा दिवस, आणि तो जसा असेल तसा पूर्णच्या पूर्ण. पण यावरून उपचार नकोतच असं निघत नाही. निघतं एवढंच की माणसाची कसोटी तिला लावता येत नाही. उपचारात किती दिवस नासणार आणि त्यातून किती चांगले दिवस मिळणार, दोन्ही तिच्याच अंगाने मोजायचे. किती दिवस जगली हा आकडा आपल्या समाधानाचा. मांजरांच्या डॉक्टरांनीही हेच धोरण ठेवलेलं असतं. त्यांच्या केमोचे डोस मुद्दाम असे बेतलेले असतात की त्रास कमीत कमी व्हावा. रोगाचा समूळ नायनाट हे बहुतेक वेळा उद्दिष्टच नसतं. मांजराचे केसही सहसा झडत नाहीत, मिश्या मात्र गळतात.

मग ही कसोटी लावून बघू. कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, मांजरात मात्र त्याच्या तऱ्हा इतक्या निराळ्या की एकाच घराने एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणावं. आपल्या धरलेल्या मांजरीचा लिम्फोमा लहान पेशींचा, सावकाश वाढणारा असेल, तर त्याचा नेहमीचा उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल. दोन्ही गोळ्या, दोन्ही घरी द्यायच्या. क्लोरॅम्ब्युसिल हे माणसांच्याच रक्ताच्या कॅन्सरचं औषध. दोन मिलिग्रॅमची गोळी, फ्रिजमध्ये ठेवायची, तोडायची-कुटायची नाही, हातमोजे घालून द्यायची. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ना गोळीला हात लावायचा, ना ट्रेमधल्या वाळूला. मधूनमधून रक्त तपासून पांढऱ्या पेशी उतरल्या नाहीत ना, ते बघायचं. अशा उपचारावर मांजरं साधारण दोन वर्षांच्या आसपास जगल्याचं एकापेक्षा जास्त अभ्यासांत दिसलं आहे, आणि बराचसा काळ खात-पीत, उन्हात लोळत. बारा वर्षांच्या जिवाला दोन वर्षं म्हणजे आजवरच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. इथे नाही म्हणायला मला कारण सापडत नाही. त्याच आतड्यातला लिम्फोमा मोठ्या पेशींचा, झपाट्याने वाढणारा असेल तर शिरेतून औषधं, सुरुवातीला दर आठवड्याला दवाखाना, आणि पदरात बहुधा काही महिने. इथे मांजर टोपलीत शांत बसणारी आहे की वाटेतच लाळ गाळून अर्धमेली होणारी, यावर माझं उत्तर बदलेल. आणि जिभेखाली होणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, जो आधी दाताचं दुखणं म्हणून अंगावर काढला जातो, तोंडातून लाळ, वास, घास पडणं, त्यात निदानानंतर बहुतेक मांजरं दोन-तीन महिन्यांच्या पुढे जात नाहीत. तिथे जबड्यावर शस्त्रक्रिया करून हट्ट धरण्याच्या मी विरुद्ध आहे. याच जातीचा कॅन्सर पांढऱ्या कानांच्या मांजरांना उन्हामुळे कानाच्या कडेला होतो. जबलपूरच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या पुढे असताना, गच्चीवर पसरणाऱ्या पांढऱ्या मांजराच्या कानावर न भरणारं ओरखड्यासारखं काही दिसलं, तर वेळेत कानाची पाळी काढून टाकली की बरेचदा काम भागतं. एकच नाव, एकाच वर्गातले रोग, आणि निर्णय टोकाचे वेगळे. म्हणून नमुना तपासल्याशिवाय 'कॅन्सर आहे, आता काय करायचं' म्हणून हात टेकणं मला पटत नाही, आणि 'काहीही करून वाचवा' म्हणणंही.

काका : तुझी कसोटी तुझ्यावरच उलटते बघ. आजचा दिवस हाच सगळा हिशेब असेल, तर रोज जबडा उघडून गोळी कोंबणं हा आजचा छळच. तुला पाहून ती पलंगाखाली पळायला लागली, तर ती दोन वर्षं कुणाच्या उपयोगाची?

मी : या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. गोळीची किंमत आहेच आणि ती मांजर मोजते. माझं म्हणणं इतकंच की ती कमी करता येते. क्लोरॅम्ब्युसिल रोजच लागतं असं नाही. दिवसाआड, काही पद्धतींत तर तीन आठवड्यांनी चार दिवस देतात. मग आठवड्याचे निम्मे दिवस तरी त्या गोळीविना जातात. गोळी एकाने द्यायची, जेवण दुसऱ्याने. म्हणजे वाटीचा आवाज आणि जबरदस्ती यांची तिच्या डोक्यात गाठ पडत नाही. तिच्या लपायच्या जागेतून तिला कधीही ओढून काढायचं नाही, ती जागा तिची राहू द्यायची. गोळीमागून सुई काढलेल्या सिरिंजने थोडं पाणी, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. एवढं करूनही ती माणसांत यायचीच थांबली, तर उपचार थांबवायचे. तो उपचाराचा पराभव मानायचं कारण नाही, कसोटीनेच तसं सांगितलेलं आहे. वेदनाशामक मात्र थांबवायचं नाही. बुप्रेनॉर्फिनसारखं औषध गालाच्या आतल्या बाजूला सोडलं तरी भिनतं, गिळावं लागत नाही. आणि हे सगळं डॉक्टरांच्या हातून, घरच्या कपाटातून नाही, कारण मांजर म्हणजे छोटं माणूस नव्हे. आपण ताप-दुखण्यावर सहज घेतो ती पॅरासिटामॉल पचवायची रासायनिक सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या कॅन्सरमध्ये नेहमी वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन मांजराच्या फुप्फुसांत पाणी भरून त्याला मारतं. मायेपोटी सूप पाजताना त्यात घातलेला कांदा-लसूणसुद्धा तिच्या तांबड्या पेशी फोडतो.

काका : सूप म्हणालीस ते बरं झालं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. दूध-पोळीवर बारा वर्षं काढली तिने. आता शेवटी बाटवायची का?

मी : दूध-पोळीवर काढली असं घरच्यांना वाटतं. उरलेलं तिने गच्चीवर, गल्लीत, उंदीर आणि पाखरांवर भागवलं. घराने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मांजराला मांस चैनीसाठी लागत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की हृदय सैल पडून फुगतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर जगभरच्या मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. धडधाकट मांजर घराचं सोवळं बाहेर जाऊन सांभाळून घेतं. आजारी मांजराला ते जमत नाही. शिवाय मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध सोसत नाही, आणि आधीच जुलाब-ओकाऱ्या असलेल्या आतड्यावर ते ओतणं म्हणजे आगीत तेल. सगळ्यात घाईचा मुद्दा निराळाच आहे : मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि कॅन्सर बाजूला राहून मांजर त्यानेच जाऊ शकतं. म्हणून या आजारात 'आज खाल्लं का' हा प्रश्न 'गाठ केवढी झाली' याच्याही आधी येतो. खाणं अंगाएवढं कोमट केलं की त्याचा वास उठतो आणि मांजर वासावर जेवतं. भूक आणणारी औषधं आहेत. मिर्टाझापिनचं कानाला चोळायचं मलम २०१८ साली अमेरिकेत खास वजन घटलेल्या मांजरांसाठी मंजूर झालं. सोवळ्याचं म्हणाल, तर पाकिटबंद खाणं, वेगळी वाटी, गच्चीच्या कोपऱ्यात जागा, एवढ्याने बहुतेक घरांचा प्रश्न सुटतो. न सुटल्यास घराने आपल्या व्रताची किंमत आपण मोजावी, मांजराच्या पोटाने नाही.

काका : आणि पैसे? मेडिकल कॉलेजात बघ जाऊन. मंडला, डिंडोरी, सिवनीहून कॅन्सरची माणसं येतात, बरोबरच्यांना रात्र काढायला जागा नसते. अशा शहरात मांजराच्या बायोप्सीवर खर्च करायचा म्हणजे मनाला टोचायला हवं.

मी : टोचावंच. पण एकनाथांनी रामेश्वराला न्यायचं कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून सांगतो, उधळपट्टीची म्हणून नाही. तरी एकनाथांच्या आड लपून मी हिशेब टाळणार नाही. मांजराच्या उपचारासाठी कर्ज काढू नये, मुलांची फी अडवू नये. वेदनाशामक, खाणं आणि शेवटी चांगला निरोप, एवढंच परवडत असेल तर तेवढं करावं, आणि त्यात कमीपणा नाही. अवघड केमोपेक्षा हे तिच्या आजच्या दिवसाला जास्त उपयोगी पडतं. आणि शहराच्या गरिबीचं म्हणाल, तर याच जबलपुरात १९४८ पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे. २००९ मध्ये राज्याने पशुवैद्यकाचं वेगळं विद्यापीठ काढलं. त्याला नाव आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचं. वन्यजीवांच्या आरोग्याचं आणि न्यायवैद्यकाचं स्वतंत्र केंद्र तिथे चालतं. वाघासाठी एवढी सोय करणाऱ्या गावाने वाघाच्या मावशीला दारातून परत पाठवायचं, हे काही बरं दिसत नाही.

खरी बचत मात्र फार आधी होते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मांजरीच्या स्तनाच्या गाठी दहांपैकी आठ-नऊ वेळा कॅन्सरच्याच निघतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत नसबंदी केलेल्या मांजरींत हा धोका ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत केलेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी आढळला. एका छोट्या शस्त्रक्रियेत एवढा कॅन्सर टळतो, आणि आपण 'एक वेत होऊ दे' म्हणून तीच टाळतो. गाठ झालीच, तर ती दोन सेंटिमीटरच्या आत असताना काढणं आणि तीनच्या पुढे गेल्यावर काढणं यात वर्षांचा आणि महिन्यांचा फरक पडतो. म्हणून पोटावरून हात फिरवताना बोटं थोडी दाबून फिरवावीत. आणि काका, बिडीच्या धंद्यावर वाढलेल्या या भागात हेही सांगायला हवं : २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या घरातल्या मांजरांत लिम्फोमाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. धूर श्वासातून जातो तो जातोच, केसांवर बसलेला थर मांजर दिवसभर चाटून पोटात घेतं.

काका : तू मघापासून 'चांगला निरोप' म्हणतेयस, त्याचा अर्थ मला कळतो. इंजेक्शन देऊन मारायचं. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं आमची आजी सांगायची. ते सोड. पण जे भोगायचं ते त्या जिवाला भोगू द्यावं; मध्ये पडणारे आपण कोण? आणि खरं सांग, तिचं दुःख तिला सोसवत नाही की तुम्हाला बघवत नाही?

मी : हाच प्रश्न १९२८ साली साबरमती आश्रमात गांधीजींना विचारला गेला होता. आश्रमातलं एक वासरू आजारी होतं, तळमळत होतं, कूस बदलणंही त्याला जमत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले. आश्रमात चर्चा झाली, विरोध झाला, आणि गांधीजींनी डॉक्टरला बोलावून इंजेक्शन देववलं. मग गप्प न बसता त्यांनी ते जाहीर लिहून टाकलं. ऑक्टोबर १९२८ च्या 'यंग इंडिया'त तो लेख आहे. अहिंसेच्या नावाने त्यांना संतापाची पत्रं आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की राग किंवा स्वार्थ यांपोटी जीव घेणं ही हिंसा. पण जिथे उपायच उरला नाही तिथे त्या जिवाच्याच सुटकेसाठी, थंड डोक्याने, जीव संपवणं अहिंसेतच बसू शकतं. मला त्या लेखातल्या निष्कर्षापेक्षा त्याच्या अटी महत्त्वाच्या वाटतात. रोग बरा होणारा नसावा, सगळ्यांनी आशा सोडलेली असावी, कुठलीही सेवा उपयोगी पडण्याच्या पलीकडे ती अवस्था गेलेली असावी, आणि त्या जिवाला आपली इच्छा सांगता येत नसावी. तिसरी अट पुन्हा बघा. सेवेच्या पलीकडे गेलं हे म्हणायला आधी सेवा झालेली असावी लागते. वेदनाशामक न देता, खायला घालून न बघता, 'तिचे हाल बघवत नाहीत' म्हणून दुसऱ्या दिवशी इंजेक्शन देणारा माणूस तुमच्या शेवटच्या प्रश्नात सापडतो, आणि सापडावा. पण तसाच सापडतो दुसराही, जो तिच्या तोंडातून रक्ताळलेली लाळ गळत असताना 'अजून थोडे दिवस' म्हणतो, कारण घर रिकामं होणं त्याला सोसत नाही. दोघेही मांजराचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहितात.

भोगाचं म्हणाल, तर तिच्या कर्माचं खातं आपल्यापुढे उघडं नाही. आपलं कर्तव्य मात्र उघडं आहे. पाळलेल्या जनावराचा विनाकारण त्रास टाळण्याची जबाबदारी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळणाऱ्यावर टाकली आहे. उपासमार होईल अशा स्थितीत ते सोडून देणं हा गुन्हा आहे, मग ते घाटावर नेऊन सोडलं तरी. त्याच कायद्याचं तेरावं कलम असं धरून चालतं की एखाद्या जनावराला जिवंत ठेवणं हेच क्रौर्य ठरू शकतं, आणि तिथे त्याचा अंत करण्याची वाट न्यायालयाला खुली ठेवतं. म्हणजे मध्ये पडणारे आपण कोण, याचं उत्तर कायद्यापुरतं तरी ठरलेलं आहे : ज्यांनी पाळलं ते.

काका : मग घरातल्या म्हाताऱ्यांनाही असंच करायचं का? आज मांजर, उद्या माणूस.

मी : नाही, आणि फरक जिवाच्या किमतीत नाही, संमतीत आहे. माणूस बोलतो, नकार देतो, मत बदलतो, शेवटच्या आजारात काय नको हे आधी लिहून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा लेखी इच्छेला मान्यताही दिली. माणसाला आजच्या वेदनेत उद्याचा अर्थ सापडू शकतो, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्याने सुई उचलायची नाही. मांजराकडे तो अर्थ नाही, आणि तिच्या वतीने ठरवणं तर आपण पहिल्या दिवसापासून करत आलो आहोत, काय खायचं, कुठे झोपायचं, पिल्लं व्हावीत की नाही. फक्त शेवटच्या निर्णयाला आपण अंग चोरतो. होतं ते एवढंच की डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध आधी जाते, हृदय नंतर थांबतं.

काका : आणि तो दिवस कुठला, हे कोण सांगणार? तुझ्या सगळ्या शास्त्राला एवढं एक विचारतो.

मी : शास्त्राचं एक उत्तर आहे. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी सात गोष्टींची यादी केली : वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, मनाची उभारी, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण, बेरीज ३५ च्या वर असेल तर चालू ठेवावं. उपयोगी आहे, पण मला त्या बेरजेचा भरवसा कमी. श्वास लागलेल्या मांजराला बाकी सहा खान्यांतले गुण वाचवू शकत नाहीत, आणि प्रेमाने गुण फुगतात. शेवटचा प्रश्न तेवढा मी घेईन आणि तो भिंतीवर टांगीन. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, रोज रात्री एक खूण : आज चांगला की वाईट. काय झालं तर चांगला म्हणायचं, हे निदानाच्याच आठवड्यात ठरवून ठेवायचं, ती बरी दिसत असताना. तिच्या तीन सवयी निवडा. ही मांजर सकाळी दाराशी पेपरवाल्याला बघायला येते, वाटीपाशी स्वतः चालत जाते, आणि अंग चाटते. दोन गेल्या की दिवस वाईट. आठवड्यात वाईट खुणा जास्त झाल्या की डॉक्टरांशी बोलायचं, आणि दुखण्यावरचं औषध वाढवूनही पुढच्या आठवड्यात त्या हटल्या नाहीत की तारीख घ्यायची. एक दिवस लवकर झालं तर तिचा एक बरा दिवस गेला. एक दिवस उशीर झाला तर मध्यरात्री धाप लागलेलं मांजर आणि बंद दवाखाने. या दोन चुकांत मी पहिली पत्करेन.

काका : खुणा करीन. गोळीही देईन, जमेल तशी. शेवटच्या इंजेक्शनच्या संमतीच्या कागदावर सही मात्र मी करणार नाही.

मी : नका करू. पण मग घरात ती कोण करणार हे आजच ठरवा, त्या माणसाला डॉक्टरांशी एकदा बोलून घेऊ द्या, आणि रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत कुणाला फोन करायचा तो नंबर कालनिर्णयच्या त्याच पानावर लिहून ठेवा.